देवडी : वाड्याच्या दाराआडची खोली

जुना वाडा बघायला आलेला माणूस दरवाज्यापुढे फोटो काढतो आणि तडक चौकात जातो. दरवाजा आणि चौक यांच्यामधे दहा-पंधरा फुटांचा काळोखा पट्टा असतो, तो पाच-सहा पावलांत मागे पडतो. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते, त्यामुळे तिथलं काही नीट दिसतही नाही. हा पट्टा म्हणजे देवडी. आणि ती डोळ्यांपुढची अंधारीही तिच्या कामाचाच भाग आहे: आत बसलेल्या पहारेकऱ्याला येणारा लख्ख दिसतो, येणाऱ्याला मात्र पहारेकरी काही क्षण दिसत नाही.

हिंदीतली ड्योढी आणि आपली देवडी हे एकाच कुळातले शब्द. गड फिरणाऱ्यांना 'पहारेकऱ्यांच्या देवड्या' माहीत असतात. गडाच्या दरवाज्यातून आत शिरताच दोन्ही अंगांना दगडी ओटे आणि कमानी दिसतात, त्या. देशमुख, पाटील, इनामदार, सरदार यांच्या वाड्यांत आणि गढ्यांत हीच रचना लहान मापाने आली. इंग्लंडमधल्या जमीनदारांनी इस्टेटीच्या फाटकाशी चौकीदारासाठी वेगळं टुमदार घर बांधलं, त्यात तो बायकामुलांसह राहायचा. आपल्याकडे तसं घर वेगळं काढलेलं नाही. चौकी तटाच्या पोटातच घेतली आणि माणसं पाळीने बसवली.

देवडी समजायला दरवाज्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिची लांबी-रुंदी दरवाजाच ठरवतो.

वजनाचा हिशोब

समजा, दरवाजा १० फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. म्हणजे प्रत्येकी ५ फुटांच्या दोन फळ्या. फळीची जाडी ४ इंच धरली तर एका फळीत २० घनफूट लाकूड येतं. सुक्या सागवानाचा घनफूट साधारण १८ किलोचा, म्हणजे नुसतं लाकूड ३६० किलो. त्यावर लोखंडी पट्ट्या, खिळे, कड्या. एक फळी चारशे किलोंच्या पुढे जाते.

हे वजन बिजागरीवर टांगलेलं नसतं. फळीच्या भिंतीकडच्या उभ्या दांड्याला खाली आणि वर गोल टोकं ठेवलेली असतात, त्यांना कुसू म्हणतात. खालचं कुसू दगडातल्या उखळीत बसतं, वरचं चौकटीमागच्या दगडी किंवा लाकडी कानात अडकतं. सगळा भार खालच्या उखळीवर येतो, वरचा कान फळीला फक्त उभी धरून ठेवतो. पण हे 'फक्त' फसवं आहे. फळीचा गुरुत्वमध्य कुसवापासून अडीच फुटांवर आहे, त्यामुळे फळी सतत पुढे कलू बघते. ४०० किलो गुणिले अडीच फूट, भागिले १२ फूट उंची: वरच्या कानावर रात्रंदिवस ८० किलोंहून जास्त आडवी ओढ. फळी रुंद केली की ही ओढ झपाट्याने वाढते; नुसती उंच केली तर वजनही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून ओढ जवळपास तेवढीच राहते. हत्ती अंबारीसह आत यावा म्हणून दरवाजे उंच करत, आणि उंचीने वरच्या कानावरची ओढ वाढत नाही हे सुताराच्या पथ्यावर पडतं.

ही आकडेमोड जाणून घेतली की जुन्या दरवाज्याचा सगळ्यांत नेहमीचा आजार लगेच कळतो. फळीचं मोकळं टोक जमिनीला घासायला लागतं, फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटतो. लोक सुताराला बोलावतात आणि तो रंधा मारून खालची कड उतरवतो. दोन वर्षांनी फळी पुन्हा घासते, कारण दोष खालच्या कडेत नव्हताच. वरचा कान झिजून मोठा झालेला असतो किंवा कान धरणारा दगड भिंतीतून सुटलेला असतो. दुरुस्तीचा क्रम असा: फळीच्या मोकळ्या टोकाखाली पाचरी ठोकून ती मूळ जागी उचलायची, ओळंबा लावून उभी रेघ बघायची, मग वरच्या कानात पितळी किंवा लोखंडी कडं बसवून फट भरायची, आणि अगदी शेवटी खालच्या उखळीकडे वळायचं. उखळी साफ करून तिच्या तळाशी लोखंडी वाटी ठेवली आणि वंगण घातलं की तीच चारशे किलोंची फळी एका हाताने फिरते. पाचर न लावता थेट वरचा कान सोडवला तर फळी अंगावर येते. हे काम तीनहून कमी माणसांनी करू नये.

फळी घडवण्याची रीत बाहेरून वाचता येते. पुढून उभे जाड तक्ते, मागून आडवे दांडे, आणि दोघांना शिवणारे गुलमेख म्हणजे फुगीर माथ्याचे घडीव खिळे. खिळा पुढून ठोकून आरपार काढायचा आणि त्याचं टोक मागे वाकवून पुन्हा दांड्यात घुसवायचं. सरस नाही, स्क्रू नाही. त्यामुळे बाहेर गुलमेखांच्या जितक्या आडव्या रांगा, तितके दांडे आत असतात. एखाद्या रांगेतले खिळे ढिले होऊन माथे बोटाने फिरायला लागले असतील, तर मागचा दांडा कुजलाय असं खुशाल समजावं. अशा वेळी लोखंडी पट्टीवर वेल्डिंग करून घेणारे लोक असतात. पट्टी जुळते, पण तिच्याखालचं सागवान जळून कोळसा होतं आणि खिळ्याची पकड कायमची जाते.

गुलमेख वेगळे आणि अणकुचीदार सुळे वेगळे. सुळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लावतात, कारण दरवाजा फोडायला हत्ती डोकं लावतो. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर ते आजही बघायला मिळतात. साध्या इनामदाराच्या वाड्याला सुळे दिसले तर ते बहुधा मिरवायला लावलेले असतात.

दिंडी

मोठा दरवाजा रोज उघडत नाहीत. एका फळीत माणसापुरती लहान झडप असते, ती दिंडी. (वारीच्या दिंडीशी हिचा संबंध लावू नये.) उंची चार-साडेचार फूट, रुंदी दोन-अडीच फूट, आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून नऊ-दहा इंच वर. आत जायचं तर मान वाकवावी लागते आणि पायही उचलावा लागतो. वाटाडे सांगतात की शत्रूची मान आपोआप खाली जावी म्हणून हे असं. ते खोटं नाही. वाकलेल्या, एका पायावर उभ्या माणसाच्या हातून तलवार चालत नाही आणि एका वेळी एकच जण आत येतो. पण दुसरं कारण सुताराचं आहे. चार फुटांचं भोक पाडल्यावर ती फळी कमकुवत होते. तिला एकसंध ठेवणारे दोन आडवे दांडे, एक अगदी खालचा आणि एक दिंडीच्या डोक्यावरचा, अखंडच राहिले पाहिजेत. म्हणून दिंडी जमिनीला टेकवता येत नाही आणि फार उंचही करता येत नाही.

सोयीसाठी खालचा दांडा कापून दिंडी जमिनीपर्यंत आणलेले वाडे आहेत, मुख्यतः दुचाकी आत न्यायला. त्या फळ्या काही वर्षांत पिळवटतात आणि मग मोठा दरवाजा कायमचा बंद होतो.

अडसर आणि भिंतीतली भोकं

आता आतून बघू. चौकटीच्या मागे, कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर, दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं असतात. एक उथळ, हातभर खोल. दुसरं इतकं खोल की काठी घातली तरी तळ लागत नाही. हे अडसराचं, म्हणजे दरवाजा आतून बंद करायच्या आडव्या लाकडाचं घर.

अडसर उचलून बाजूला ठेवायचा नसतो, तो भिंतीत सरकवायचा असतो. दरवाजा १० फुटांचा, पलीकडच्या भोकात दीड फूट, अलीकडे पकडीला दीड फूट, म्हणजे अडसर १३ फूट लांब. दरवाजा उघडायचा तर हे १३ फूट पूर्ण भिंतीत गेले पाहिजेत. म्हणून दरवाज्याच्या एका अंगाला तेवढी सलग, जाड भिंत लागतेच. वाड्याच्या दर्शनी बाजूला दरवाज्यालगत एवढा भरीव भाग का सोडला, तिथे खिडकी का नाही, याचं उत्तर पुष्कळदा या भोकात सापडतं. सहा इंच चौकोनी सागवानी अडसर ६० किलोंच्या आसपास भरतो. तो ओढणं हे दोघांचं काम.

फळ्या आतल्या बाजूला उघडतात आणि उघडल्यावर देवडीच्या दोन्ही भिंतींना टेकतात. ५ फुटांची फळी म्हणजे ५ फूट भिंत मोकळी हवी. पहारेकऱ्याचे ओटे दरवाज्याला चिकटून न येता थोडे आत सुरू होतात, ते यामुळे. उघडी फळी अडसराच्या भोकावर येते, म्हणून दिवसा अडसर कुठे आहे ते आल्यागेल्याला दिसतही नाही.

ही भोकं आज उंदीर आणि सापांच्या भीतीने सिमेंटने बुजवलेली आढळतात. बुजवलेलं भोक फोडण्याआधी आत अडसर आहे का ते पाहावं. शे-दीडशे वर्षं जुना अडसर आतच राहिलेला असू शकतो, आणि छिन्नीचा घाव त्याच्यावर बसतो. मोकळं ठेवायचं असेल तर तोंडाला जाळी पुरते. अडसर आणि भोक यांच्यात चारही बाजूंनी इंचभर फट असते, ती कारागिराची चूक समजून पाचरीने भरू नये. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ती फट त्यासाठीच आहे.

ओटे, वळण आणि मान

देवडी दोन किंवा तीन खणांची असते. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, बहुधा ५ ते ७ फूट, प्रदेशाप्रमाणे बदलतं. दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट उंच ओटे, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे, काही वाड्यांत पालखी टांगायच्या कड्या. मधली वाट फरसबंदी, आणि तिचा उतार रस्त्याकडे.

एका ओट्यावर पहारा, दुसऱ्यावर ताटकळणारी माणसं. वाड्यातला मान पायऱ्या-पायऱ्यांनी मोजला जायचा: कुणाचं काम देवडीवरच संपे, कुणाला पहिल्या चौकातल्या सदरेपर्यंत बोलावत, आणि माजघरापर्यंत फक्त घरचे. देवडीच्या ओट्याला सावली आणि बसायला जागा दिली ती सौजन्य म्हणूनही आणि माणूस तिथेच थांबावा म्हणूनही.

आतलं तोंड बाहेरच्या दरवाज्याच्या सरळ रेषेत ठेवायचं नाही, हा नियम पुष्कळ ठिकाणी पाळलेला आहे. रस्त्यावरून चौक दिसत नाही, आणि दरवाजा फुटला तरी धावत येणाऱ्याला वळावं लागतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत गेलात की आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळावं लागतं. गडांच्या गोमुखी दरवाज्यांतही हाच विचार आहे, फक्त तिथे वळणं बुरुजांच्या आडून घेतलेली असतात.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण असे त्याला पाच दरवाजे. १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले. तट, दरवाजे आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना मात्र उरला. आज आपण ज्याला शनिवारवाडा म्हणून ओळखतो तो प्रत्यक्षात त्याचा तट आणि देवडीच आहे. याच धाटणीचं भव्य प्रवेशद्वार सासवडच्या पुरंदरे वाड्याला आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचं प्रवेशद्वारही वेळ काढून पाहावं असं आहे.

डोक्यावरचं ओझं

देवडीच्या वर नगारखाना असणं हा मान होता, तो दरबारातून मिळायचा. रायगडावर राजसभेत शिरायची वाटच नगारखान्याखालून जाते. ज्यांना नौबतीचा मान नव्हता त्यांच्या देवडीवर साधा माडीचा भाग किंवा नुसतं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. जिना अरुंद, बहुतेक भिंतीच्या जाडीत दडवलेला.

वर काहीही असलं तरी खालचा सांगाडा सारखाच. दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे पसरलेले हस्त, त्यावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत. भार हा लाकडी सांगाडा उचलतो, बऱ्याचशा भिंती आडोशापुरत्या असतात. म्हणून भिंतीला तडा गेला की लगेच घाबरायचं नसतं; खांब खचला तर मात्र घाबरायचं.

कोकणात आणि घाटालगत वर कौलं येतात. कोरड्या देशावर, मराठवाड्यात माळवद: कडीपाटावर काही ठिकाणी कडूलिंबाचा पाला, मग चिखलाचा थर, मग पांढऱ्या मातीचा थर, आणि पाणी बाहेर फेकायला पन्हळ. उन्हाळ्यात देवडी गार राहते ती या मातीमुळे. पण एक घनफूट ओली माती सुमारे ५० किलो भरते. १२ फूट बाय २० फुटांच्या देवडीवर फूटभर माती म्हणजे २४० चौरस फूट गुणिले ५०, बारा टन. गळतं म्हणून दरवर्षी पावसाआधी नुसती अर्धा इंच माती वर टाकत गेलं तर चोवीस वर्षांत आणखी बारा टन चढतात. तुळई तेवढ्यासाठी घातलेली नसते. ती मधे वाकते, वाकलेल्या जागी पाणी साचतं, तिथे जास्त गळतं, आणि माणूस तिथेच आणखी माती टाकतो. माळवद दुरुस्त करायचं तर आधी जुनी माती उतरवून कडीपाट उघडा करावा, आणि माती उतरवताना एका बाजूने सगळी न काढता दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढावी. खाली आधी टेकू लावावेत हे वेगळं सांगायला नको.

खांबाचा शत्रू वर नसून खाली असतो. तळखडा ठेवलेलाच यासाठी की लाकूड जमिनीला टेकू नये. पुढे कुणीतरी देवडीत नवी शहाबादी फरशी किंवा टाइल्स बसवतो, जमीन चार-सहा इंच वर येते आणि तळखडा गाडला जातो. आता लाकूड ओल्या जमिनीला भिडलं, वाळवीला वाट मिळाली. वरून खांब ठणठणीत दिसतो. जमिनीलगत आरी टोचून बघावी. सहज अर्धा इंच आत गेली तर तेवढा भाग गेला. टेकू देऊन कुजलेला बुंधा कापता येतो, खाली त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरका सांधा करून जोडता येतो, किंवा तळखड्याचा दगडच उंच करता येतो. पूर्ण खांब बदलायची गरज क्वचित पडते, आणि ठेकेदार मात्र तेच सुचवतो.

भिंतींचं म्हणाल तर त्या चुन्याच्या किंवा मातीच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या आणि परत सोडणाऱ्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते आणि भिंतीत दडलेल्या तुळयांच्या टोकांशी जाऊन बसते. गिलावा चुन्याचाच हवा: चांगला विरवलेला, किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला एक भाग चुना, दोन ते तीन भाग वाळू किंवा वाळू आणि सुर्खी (विटांचा चुरा) मिळून, दोन-तीन पातळ थरांत. जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. घाई करून एकच जाड थर दिला तर तो तडकतो, आणि मग चुन्यालाच नावं ठेवली जातात. दरवाज्याला ऑइलपेंट देण्याचीही अशीच चूक होते. जवसाचं उकळलेलं तेल पातळ लावून फडक्याने पुसून घ्यावं, लाकडाला तेवढंच पुरतं.

काम काढण्याआधी वाडा संरक्षित स्मारक आहे का, किंवा पालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते तपासावं. असेल तर परवानगी आधी, सुतार नंतर.

राहिला उंबरा. वाडा बांधला तेव्हा तो रस्त्याहून एक-दोन पायऱ्या वर होता. डांबराचे थर चढत चढत रस्ता वर आला आणि आता कित्येक ठिकाणी पावसाचं पाणी उंबरा ओलांडून देवडीत उतरतं. ते थेट कुसवाच्या उखळीत साचतं. घरमालक उखळी सिमेंटने भरून टाकतो आणि दरवाजा जागच्या जागी गोठतो. उपाय बाहेर करायचा असतो: उंबऱ्याच्या पुढे दरवाज्याच्या पूर्ण रुंदीची, वर जाळी असलेली आडवी गटारी, आणि तिचं पाणी बाजूला काढून दिलेलं. उखळीच्या काठाला, जिथे फळीचा भार पडत नाही अशा बाजूला, बोटभर रुंद खाच पाडली तर आत शिरलेलं पाणीही निघून जातं. हे सगळं दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर काढावं. सुतारकाम लांबून मे महिन्यावर गेलं तर दिंडीच्या झडपेला चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर फट सोडायला सांगावं. उन्हाळ्यात ती फट खटकते. आषाढात झडप बरोबर बसते.